परत आल्याची तारीख : दशमी

अर्नाळ्याला दोन दिवस जायचंय, काय काय बघू, असं माझ्या भाचीने परवा विचारलं. तिला रिसॉर्टची नावं हवी होती. मी म्हटलं, आधी कॅलेंडर काढ आणि तिथी बघ. ती हसली. मला हसू आलं नाही, कारण याच गोष्टीवर मी एकदा पोट धरून हसले होते, आणि त्याची शिक्षा भलत्याच माणसांना झाली. तर हा लेख बोळिंज, आगाशी, अर्नाळा आणि चांदीप अशा तीन दिवसांच्या भटकंतीचा आहे, पण भटकंती अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरातली. रस्ते आता बदललेत, भाड्यांचं तर विचारूच नका. माझा राग मात्र जिथल्या तिथे आहे.

तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, सगळा कारभार ठाण्याहून चालायचा. मी सव्वीस वर्षांची, ठाण्यातल्या एका संस्थेत कामाला. संस्थेचं नाव घेत नाही, ती कधीच बुडाली. गावोगावच्या छोट्या ग्रंथालयांतली पुस्तकं संगणकावर आणायची, असा आमचा प्रकल्प होता. संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीतलं कपाटाएवढं यंत्र. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आमच्या साहेबांनी त्याच्या उद्घाटनाला पंचांग बघून मुहूर्त काढला होता आणि नारळ वाढवला होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझं काम सोपं होतं. ग्रंथालयांनी पाठवलेल्या देवघेवीच्या वह्या पुढ्यात घ्यायच्या आणि प्रत्येक पुस्तकामागे एक छापील तक्ता भरायचा; काम झालं की वह्या परत जायच्या. पुस्तकाचं नाव इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला देवनागरी येत नव्हती. मग कोणी नेलं, केव्हा नेलं, केव्हा परत आलं. परतीच्या तारखेला सहा चौकोन. खाली सूचना क्रमांक अकरा: तारीख नसल्यास सहा शून्ये भरावीत.

अर्नाळ्याची वही आली तेव्हा परतीच्या रकान्यात तारीखच नव्हती. ‘शुद्ध दशमी’, ‘वद्य नवमी’, ‘वद्य दशमी’, पानंच्या पानं. मी शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाला वही दाखवली आणि म्हटलं, “लायब्ररी चालवतात की उपास करतात गं ही माणसं?” दोघी हसलो. मग मी शून्यं भरायला घेतली आणि दुपारभर भरत बसले. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर तिथ्या छापलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं. मान वळवायची तसदीसुद्धा मी घेतली नाही.

यंत्राच्या लेखी सहा शून्यांचा अर्थ ‘परत आलेलं नाही’ असा होता, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. चारेक महिन्यांनी दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर यादी छापून आली. अर्नाळ्याची निम्म्याहून जास्त पुस्तकं ‘गहाळ’. साहेबांनी यादीवर नजर टाकली आणि दहा मिनिटांत निकाल लावला. एवढी पुस्तकं हरवणारं ग्रंथालय बंद करायचं, उरलेली पुस्तकं चांदीपला हलवायची. चांदीपच का, तर यंत्राने काढलेल्या तक्त्यात तिथे पुस्तकं सगळ्यात कमी दिसत होती. साहेबांनी या दोन गावांतलं एकही कधी पाहिलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

“तुम्ही गुरुवारी निघा, पडताळणी करा, तिथल्या ग्रंथपालांची संमतीची सही आणा. शनिवारी चांदीपची जागा बघून परत या. सोमवारी टेम्पो जाईल,” साहेब म्हणाले.

मी खूश. तीन दिवस ऑफिसच्या खर्चाने फिरायला मिळणार होतं. खरं सांगते, त्या गावाबद्दल मला तेव्हा कणभरही वाईट वाटलं नाही. मला वाटलं, कोळीवाडा आहे, पुस्तकांत मासे बांधून विकले असतील.

गुरुवार : ठाणे ते बोळिंज

ठाण्याहून सकाळची वसईची एसटी पकडली. घोडबंदरचा रस्ता तेव्हा निवांत होता, दोन्ही बाजूंना झाडी आणि मधूनच खाडीचा चमकता पट्टा. पूल ओलांडला की हवा खारट होते, मिठागरांतले पांढरे ढीग दिसायला लागतात. खिडकी डावीकडची घ्या, असं तेव्हा लिहिलं असतं. आता डावीकडे काय दिसतं ते मला माहीत नाही.

वसईच्या स्टँडवर चहा-पाव खाऊन आगाशीकडे जाणारी दुसरी बस घेतली. सोपारा, निर्मळ असं करत ती केळीच्या वाड्यांमधून जाते. रस्ता इतका अरुंद की केळीची पानं खिडकीला घासतात. बोळिंजला उतरले. आज तिथे इमारतींच्या रांगा आहेत. तेव्हा वाड्या होत्या, विहिरींवर पंपांची फटफट होती आणि पानवेलींचा गारवा होता.

मुक्काम सुनंदाच्या ओळखीच्या कार्मेलीन मावशींकडे. पन्नाशीच्या, वाडीवाल्या, नाताळ तोंडावर आल्यामुळे घराला चुना लावण्यात गुंतलेल्या. अंगणातल्या क्रुसालाही ताजा चुना लागला होता. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. समुद्र एवढा जवळ आणि ताटात सुकं, म्हणून मी जरा नाक मुरडलं असणार, कारण मावशी म्हणाल्या, “ताजं म्हावरं आज कुठलं मिळणार? आज नवमी.”

मी चमकून पाहिलं. भिंतीवर येशूची तसबीर, गळ्यात क्रूस, आणि बाई तिथी सांगत होत्या.

“तुमच्यात तिथ्या पाळतात?” मी विचारलं.

“आमच्यात कशाला? दर्यात पाळतात,” त्या म्हणाल्या. “म्हावरं तिथीवर येतं. खातात ते सगळे मोजतात, त्यात जात-धर्म नाय.”

हे ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी दुसरी भाकरी घेतली आणि उद्या किती वाजता बस आहे ते विचारलं.

शुक्रवार : आगाशी, मग अर्नाळा

आगाशीचा बाजार बघायला तासभर तरी ठेवा. देवळाजवळचं तळं, जुनी माडीची घरं, भाजीच्या पाट्या, आणि सुकेळी. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून पानात बांधलेली, मधासारखी गोड. घरासाठी दोन पुड्या घेतल्या. तिथूनच अर्नाळ्याची बस मिळते. कंडक्टरला विचारलं, लायब्ररीला जायचं तर कुठे उतरू.

“शेवटला स्टॉप,” तिकीट फाडत तो म्हणाला. “पन आज गर्दी असेल बाई. दशमी हाय.”

मी मनात म्हटलं, आता हा कंडक्टरपण.

बस सुरूच्या झाडांजवळ थांबली. पुढे वाळू, वाळूवर ओढून ठेवलेल्या बोटी, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि समोर पाण्यात किल्ला. बर्फाच्या गोदामाशेजारी पत्र्याची एक खोली होती, तेच ग्रंथालय. दाराला कुलूप असेल अशी तयारी ठेवून मी गेले होते. तिथे रांग होती. दहा-बारा बाप्ये, काही लुंगीवर, काही अर्ध्या चड्डीवर, प्रत्येकाच्या हातात खताच्या गोणीतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने बांधलेलं पुडकं. मी म्हटलं, झालं, मासळीच आणलीय. पहिल्याने टेबलावर पुडकं सोडलं. आतून जाडजूड ऐतिहासिक कादंबरी निघाली. पानं जराशी फुगलेली, पण एकही फाटलेलं नाही.

टेबलामागे मंगला होती. वयाने माझ्याएवढीच, दहावी झालेली, गावातल्या एका तांडेलाची म्हणजे बोटीच्या मुख्याची मुलगी. सकाळी आईबरोबर मासळी निवडायची आणि मग इथे येऊन बसायची. तिने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, जुन्या साडीच्या फडक्याने पुसलं आणि वहीत लिहिलं: शुद्ध दशमी.

मी माझी ओळख सांगितली. ठाण्याच्या ऑफिसातून आलेय म्हटल्यावर तिने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मी पिशवीतून ती लांब यादी काढली आणि ऑफिसच्या आवाजात म्हणाले, “तुमची निम्म्याहून जास्त पुस्तकं गहाळ आहेत.”

मंगला माझ्याकडे आणि कागदाकडे बघत राहिली. रांगेत तिचे वडीलच तिसरे उभे होते, उन्हाने रापलेले, कानावर विडी. त्यांनी विचारलं, “कोन बोलतं असं?”

“कॉम्प्युटर,” मी म्हटलं.

“तो कवा आलता हितं?”

कोणी हसलं नाही. ते थट्टा करत नव्हते, त्यांना खरंच विचारायचं होतं. मी यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं, हे पुस्तक परत आल्याची तारीखच नाही, असं सांगितलं. मंगलाने वही पुढे ओढली. “आहे की ताई. ही बघा, वद्य दशमी.”

“ही तारीख नव्हे, तिथी आहे.”

“पोरी, बस हितं,” तांडेलकाका म्हणाले, आणि उभ्या उभ्याच त्यांनी मला ते सांगितलं जे ठाण्यात कोणी विचारलं नव्हतं. अवस-पुनवेला पाण्याला उधाण येतं, ओढ जोरात असते, तेव्हा जाळी भरतात. तेव्हा सगळे दर्यात. मग अष्टमी-नवमीपासून पाणी मंदावतं, त्याला भांग म्हणतात. भांगाला बोटी घरी. “आमी उधानाला जातो, भांगाला येतो. दर्यात तारीख कोन बगतो? चंद्र दिसतो, पानी दिसतं. मंगली बोलली, दशमीला पुस्तक परत पायजे. मंग दशमीला आनतो. आजपावेतो चुकलो नाय.”

“एकदा चुकलात बाबा,” मंगला खालच्या आवाजात म्हणाली.

“तवा इंजन बंद पडलं होतं.”

माझी कानशिलं तापली. आधी राग आला तो यंत्राचा, मग सूचना क्रमांक अकराचा, मग साहेबांचा. सगळ्यात शेवटी तो जिथे जायला हवा होता तिथे आला. शून्यं यंत्राने भरली नव्हती. ती मी भरली होती, या माझ्या हाताने, हसत. दशमी म्हणजे काय हे न कळण्याइतकी मी कुठल्या परदेशातून आले नव्हते. आमच्या घरी आई एकादशी करते. पण आईची एकादशी ती तिथी, आणि कोळ्यांनी वहीत लिहिली की गंमत.

“पडताळून बघू,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मी यादीतली इंग्रजी अक्षरं जुळवत नाव वाचायचं आणि मंगलाने पुस्तक काढून टेबलावर ठेवायचं, असं सुरू केलं. इंग्रजीत ण आणि न एकच, ळ आणि ल एकच, त्यामुळे काही नावं मलाच लागेनात. मंगला अर्ध्या नावावर ओळखायची, कारण तिला पुस्तकं नावाने कमी आणि माणसांनी जास्त ठाऊक होती. “हे जोसेफच्या बोटीवर तीनदा गेलं,” “हे वाचून काशीनाथ रडला होता, त्याला सांगू नका.” बोटीवर सगळ्यांना वाचता येत नाही. एकजण वाचतो, बाकीचे सहा-सात जण ऐकतात. एका बोटीवर गोष्ट अर्धी राहिली आणि दशमी आली. नियम म्हणजे नियम, पुस्तक परत आलं, आणि पुढचं सबंध उधाण ती माणसं शेवट काय असेल यावर भांडत राहिली. मंगलाने मुदत वाढवून दिली नव्हती.

दुपारी तिच्या आईने भाकरी आणि जवळ्याची चटणी पाठवली. खोलीला खिडकी एकच, तिच्यातून बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. आम्ही यादी पुढे नेत राहिलो. उन्हं उतरली तेव्हा दोन पुस्तकं राहिली होती, आणि ती आणणारी बोट अजून लागायची होती. मी म्हटलं, राहू दे. मंगला म्हणाली, नाही, दशमी आहे, येतील. आम्ही दारात जाऊन उभ्या राहिलो. बोट आली, एक माणूस पुडकं डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला. आत दोन्ही पुस्तकं होती.

म्हणजे ‘गहाळ’ किती? एकही नाही.

संमतीचा कागद मी तिला दाखवला, लपवून काय उपयोग होता. तिने तो दोनदा वाचला. “मी सही नाय करणार,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “बाकी कुठली वस्तू न्या. दर्यावर रेडिओ लागत नाय ताई, तिथे या माणसांना दुसरं काय आहे?”

“करू नकोस,” मी म्हटलं. “सोमवारच्या आत मी सगळं दुरुस्त करते.” हे मी अगदी छातीठोक सांगितलं.

निघताना ती म्हणाली, आलात तर पुस्तक घेऊन जा, रिकाम्या हाती जायचं नाही. मला अवघड वाटलं, पण तिला ती पद्धत मोडायची नव्हती. मी मुद्दाम असं पुस्तक मागितलं जे कोणालाच लागत नसेल, म्हणजे कोणाचं अडायचं नाही. तिने सगळ्यात वरच्या फळीवरून मधमाश्या पाळण्याची माहिती देणारं एक पातळ पुस्तक काढलं. सरकारी खरेदीत आलेलं, मच्छीमारांच्या गावात मधमाश्या. ते एकदाही कोणी नेलं नव्हतं, कोरं करकरीत होतं. वहीत माझं नाव लिहून ती म्हणाली, “वद्य दशमीला आणा.” प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सुतळी बांधून तिने ते माझ्या हातात दिलं.

शनिवार : चांदीप

विरारला येऊन पूर्वेकडून वज्रेश्वरीच्या बाजूची एसटी धरायची. हमरस्ता ओलांडला की मुलूखच बदलतो, केळी संपतात, डोंगर जवळ येतात. भात कापून झालेलं, शेतात पेंढ्याच्या उडव्या. बसमध्ये माझ्या शेजारच्या बाई टोपलीत कोंबडी घेऊन बसल्या होत्या आणि कोंबडी माझ्या सुकेळीच्या पुडीकडे बघत होती.

चांदीपचं ग्रंथालय म्हणजे शाळेतलं एक कपाट आणि ते सांभाळणारे गुरुजी. सरळ माणूस. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “बाई, पुस्तकं हवीत, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं मागतोय. पण दुसऱ्याच्या घरातली पेटती चूल उचलून आमच्याकडे नका मांडू. आणि ठेवू कुठे?” कपाटाशेजारच्या खोलीत भाताच्या गोणी छतापर्यंत लागल्या होत्या. मी तसं लिहून घेतलं, त्यांनी खाली सही केली. जागा नाही, पुस्तके पाठवू नयेत. हा कागद भक्कम होता, असं मला वाटलं.

परत ठाण्यात

रविवारी मी घरातली, शेजारची, सुनंदाकडची जुनी कॅलेंडरं गोळा केली. लोक ती पुस्तकांना कव्हरं घालायला ठेवतात, म्हणून दोन वर्षांची मिळाली. मंगलाच्या वहीतून उतरवून आणलेली प्रत्येक दशमी आणि नवमी त्यांत शोधून तिच्यासमोर तारीख लिहिली. कामाला एक दिवस लागला. चार महिन्यांपूर्वी मान वळवली असती तर तेव्हाही एकच दिवस लागला असता.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या दारात उभी. कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला.

“तिथीवरून तारखा काढल्यात?”

“हो साहेब. एकही पुस्तक गहाळ नाही.”

“आणि एखाद्या पंधरवड्यात दशमीचा क्षय असेल तर? दोन दशम्या आल्या तर त्यातली कुठली धरलीत?”

मुहूर्त काढून यंत्राला हार घालणारा माणूस मला तिथीचा भरवसा नाही म्हणून सांगत होता. “साहेब, दशमी एक असो की दोन, पुस्तक कपाटात आहे. मी प्रत्येकाला हात लावून आलेय.”

“हात लावून नोंद होत नाही. यादी छापून झाली, नोंदींची टेप मुंबईला गेली.”

“पण मंगलाने संमतीची सही केलेली नाही. चांदीपच्या गुरुजींनी नको म्हणून लिहून दिलंय.”

“तिने नको असं कुठे लिहिलंय? सहीचा रकाना रिकामा आहे,” ते म्हणाले. “हरकत नसली की रकाना रिकामा असतो. आणि टेम्पो आठ वाजताच गेला.”

आजही हे लिहिताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तारखेच्या जागी काही नसलं की पुस्तक हरवलं, आणि सहीच्या जागी काही नसलं की बाई राजी. रिकाम्या जागेत काय वाचायचं हे दर वेळी तेच ठरवणार. मी तिथे आवाज चढवला, माझ्या आयुष्यात वरिष्ठांवर पहिल्यांदा. त्याचा उपयोग एवढाच झाला की मला दुसऱ्या विभागात टाकलं. वड्याचं तेल वांग्यावर, आणखी काय.

वद्य दशमीला मी रजा टाकून अर्नाळ्याला गेले, मधमाश्यांचं पुस्तक घेऊन. यादी नव्हती, पिशवी नव्हती. शेवटच्या स्टॉपवर उतरले आणि लांबूनच रांग दिसली. क्षणभर मला वाटलं, चमत्कार झाला. जवळ गेले तर दाराला कुलूप होतं. टेम्पो आला त्या सोमवारी ही माणसं दर्यात होती. कपाटं गेली, वही गेली, पण त्यांच्याबरोबर गेलेली पुस्तकं तेवढी राहिली होती. ती घेऊन ती दशमीला परत करायला आली होती, नेहमीसारखी, सुतळी बांधून. मंगला पायरीवर बसली होती. तिच्याकडे लिहायला वही नव्हती.

तांडेलकाकांनी मला पाहिलं. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, लावला असता तर बरं झालं असतं. हातातलं पुडकं वर करून ते एवढंच म्हणाले, “आता गहाळ झालं, पोरी. आता लिव.”

मी माझं पुस्तक मंगलापुढे धरलं. तिने घेतलं नाही. “कुठे ठेवू, ताई?” ती म्हणाली.

चांदीपच्या गुरुजींचं एकच पत्र आलं. पुस्तकं गोणीत भरून शाळेच्या पडवीत उतरवली होती. पोरं त्यांचा वास घेऊन हसतात, असं त्यांनी लिहिलं होतं. पण त्यातली निम्मी त्यांना देता येत नव्हती. ती यादीप्रमाणे गहाळ होती आणि गहाळ पुस्तकाची नोंद होत नाही. परत पाठवावीत तर अर्नाळ्याचं ग्रंथालय आता कागदावर नव्हतं. मी काय करू, असं त्यांनी विचारलं होतं. मी दोन ठिकाणी अर्ज केले, कुठूनच उत्तर आलं नाही. त्यांना मी काय कळवलं ते आठवत नाही, म्हणजे बहुधा काहीच कळवलं नाही.

आता भाचीकडे वळते. अर्नाळा-अर्नाळा ऐकून तिने परवा फोनवर काहीतरी शोधलं आणि मला दाखवलं. जुन्या ग्रंथालयांच्या याद्या आता घरबसल्या दिसतात. आमची ती टेप कोणीतरी जशीच्या तशी पुढे नेली आहे, एका यंत्रातून दुसऱ्यात, माझ्या शून्यांसकट. अर्नाळा म्हटल्यावर नावं सरकायला लागली. प्रत्येकापुढे गहाळ, गहाळ, गहाळ. काशीनाथला रडवणारं गहाळ. शेवट न कळलेलं गहाळ. सगळ्यात खाली एकाच ओळीपुढे वेगळं लिहिलं होतं. मधमाश्यांचं पुस्तक, कधीच कोणी न नेलेलं, म्हणून त्याच्यापुढे माझं शून्य नाही. गहाळ नसलेली बाकीची चांदीपच्या नावावर गेली; हे तिथे उतरलं नाही, म्हणून गावही तेच. सद्यस्थिती: उपलब्ध. ठिकाण: अर्नाळा.

ते माझ्या कपाटात आहे. त्याच प्लास्टिकमध्ये, तीच सुतळी. यादीतलं प्रत्येक ‘गहाळ’ पुस्तक त्या दशमीला परत आलं होतं, परत न गेलेलं हे एकच, आणि यंत्राच्या मते तेवढंच जागेवर आहे.

भाचीला म्हटलं, रिसॉर्टचं तू बघ, मीपण येते. मग मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. दशमी बुधवारी आहे.